कोकिळाबाईची धुरी

दातात किडे असतात की नाही, हा वाद घालायला कोकिळाबाईच्या ओट्यावर कोणी येत नसे. ठणका लागलेला माणूस वाद घालत नाही. गाल धरून यायचा, खाली बसायचा आणि म्हणायचा, "काकू, काहीबी कर."

भडगावपासून अर्ध्या तासावर, गिरणेच्या काठचं तिचं गाव. दर रविवारी सकाळी ती खापरात निखारे घ्यायची, भुईरिंगणीच्या बिया तुपात माखून त्यावर टाकायची, तळाला भोक पाडलेलं बोळकं वर पालथं घालायची आणि भोकात पपईच्या पानाचा पोकळ देठ खोचायची. देठातून येणारा धूर दुखऱ्या दाढेवर घ्यायचा, लाळ खालच्या पाण्याच्या थाळीत गळू द्यायची. थोड्या वेळानं थाळीत बारीक पांढरे किडे दिसायचे. माणूस ते मोजायचा, हुश्श करायचा आणि घरी जाऊन झोपायचा.

किडे नव्हतेच ते. ही विद्या तिला सासूनं दिलेली. सासू गेल्यावर एका दुपारी, जवळ कोणी नसताना, कोकिळाबाईनं देठ नुसता पाण्यावर धरून पाहिला. किडे पडलेच. उष्णतेनं फुटलेल्या बियांतले कोंब ते, दुसरं काय! तेव्हापासून अकरा वर्षं तिला हे ठाऊक होतं आणि अकरा वर्षं ती गप्प होती. लबाड म्हणा हवं तर. पण धुरानं दाढ बधिर होते, ठणका थांबतो, हे तर खरं होतं ना? एवढ्यावर तिनं मनाची समजूत घातली. शिवाय खेड्यात बाईला मान मिळायच्या जागा असतात तरी किती?

मग तिचा धाकटा भाऊ मगन यायला लागला.

मगनचं गाव पारोळ्याच्या पुढे, धुळ्याच्या अंगाला. वय पंचावन्न, रक्तात साखर, गालात सदा तंबाखू-चुना. खालच्या डाव्या दाढेला दोन वर्षांपूर्वी काळा ठिपका पडला होता, तेव्हाच ती भरून घेतली असती तर अर्ध्या तासाचं काम. पण दुखत नाही तोवर दाढ कोणाला आठवते? आता तिथं हरभरा मावेल एवढं भोक होतं. आई लवकर गेल्यामुळे मगनला कोकिळाबाईनंच कडेवर वाढवलेलं. तो दुखण्यानं कळवळला की तिचं डोकं चालेनासं व्हायचं.

"अक्का, आज जास्ती धुरी दे. डोया लागना नही रातभर," पहिल्या रविवारी तो म्हणाला.

कोकिळाबाईची सून दिपमाला गावची आशाताई. घरोघर फिरून तिच्या जिभेला चांगली धार आली होती. ती चुलीपासून उठून बाहेर आली.

"मामा, तुम्हले साखर शे. आतमा पू व्हई ग्या व्हई. भडगावले चला, मी संगे येस. डाक्टर दाढ काढी टाकी, मोकये व्हशात."

"दाढ काढावर डोयानी नजर जास, बाई."

"लोके ते वरनी दाढनं म्हनतस. तेबी खोटंच शे. तुमनी ते खालनी शे!"

"मंग कान जाई," मगन म्हणाला. "गया ते बरंच. बेबी दिनभर कितली बोलस!"

सगळे हसले. बेबाबाई त्याची बायको. ती तिथं असती तर तीही हसली असती. हसण्यात गोष्ट उडून गेली, आणि कोकिळाबाईनं ती उडू दिली. ओट्यावर चार माणसं बसलेली असताना सून डॉक्टरचं नाव काढते, हे तिला झोंबलं होतं. तिनं बोळकं पालथं घातलं.

"नऊ किडा निंघी ग्यात, अक्का!" मगन थाळीत बघत म्हणाला.

दुसऱ्या रविवारी तो पुन्हा आला. निघताना ती म्हणाली, "उद्या दवाखानामा जाय बरं." तो म्हणाला, "जासू, जासू." तिनंही पुढे जोर केला नाही.

तिसऱ्या रविवारी दिपमाला पोलिओचे डोस पाजायला बूथवर गेलेली. मगन आला तेव्हा त्याचा गाल जबड्याखालपर्यंत सुजला होता, कातडी ताणून चकचकीत झालेली. घास तोंडात धरून बोलावं तसा आवाज. तोंड बोटभरसुद्धा उघडेना. देठ आत जाईना. इथं नाही म्हणायचं होतं. इथं हात धरून त्याला भडगावच्या गाडीत बसवायचं होतं. कोकिळाबाईला ते कळत होतं, अगदी स्वच्छ कळत होतं. पण तो लहानपणी बघायचा तसा बघत होता. तिनं ओठाच्या कोपऱ्यातून धूर सोडला, वरून गरम मिठाच्या पुरचुंडीनं शेकलं. मगन अंगणातल्या खाटेवर चार वाजेपर्यंत झोपला. त्याचा श्वास ऐकत ती बाजूला बसली आणि तिला बरं वाटलं. पाचच्या एसटीनं तो गेला.

मंगळवारी त्याला श्वास घेता येईना. बेबाबाईनं जीप करून धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. निरोप मिळताच कोकिळाबाईही तिथं पोचली. दाढेचा पू गळ्यात उतरला होता. डॉक्टरांनी गळा चिरून नळी घातली.

"दाढ कधीपासून दुखत होती?" डॉक्टरांनी विचारलं.

"महिना व्हई ग्या."

"मग महिनाभर केलं काय?"

"आमन्या अक्का धुरी देतस ना," बेबाबाई म्हणाली. भिंतीशी उभ्या कोकिळाबाईकडे तिनं बोट केलं, चांगलं अभिमानानं. डॉक्टरांनी एकदा बघितलं आणि ते दुसऱ्या खाटेकडे वळले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

गुरुवारी पहाटे मगन गेला.

दहाव्याला मगनच्या घरी बायका ओळीनं बसल्या होत्या. बेबाबाईनं कोकिळाबाईचे दोन्ही हात धरले. "अक्का, तुमनामुये त्यास्ले तीन रविवार सुखनी झोप लागनी. आखो कोनी काय करं त्यास्नासाठे?"

"बेबी, त्या किडा नही व्हतात," कोकिळाबाई म्हणाली. "बियास्ना कोंब व्हतात. तोंड नही धरं तरी पडतस. माले अकरा वरीसपाईन माहीत शे."

बेबाबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "दुखमा मानूस काहीबी बोलस, अक्का. पानी प्या."

एवढ्यात ओळीतली बेबाबाईची एक शेजारीण पुढे सरकली. गालावर हात. "अक्का, उनीच शेस ते मनी दाढ देखी ले ना. उद्या धुरी दे."

"देवाव नही. उद्या धुळ्याले जाय. दाढ दखाड डाक्टरले."

"वा व माय!" शेजारीण म्हणाली. "सोताना भाऊले ते देत व्हतीस!"

कोकिळाबाईनं पदर तोंडात धरला. शेजारीण तिच्याकडे पाठ करून पलीकडच्या बाईला विचारू लागली, अजून कोणत्या गावात कोण धुरी देतं.