तीन तुकड्यांचं कोपर

माणसाला गावभर हसं करून घ्यायचं असेल तर फार खटपट लागत नाही, एक चांगला एक्स-रे पुरतो. कसा, ते ऐका.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मी नेरला नववीत होतो आणि शाळेच्या कबड्डीच्या संघात होतो. मारेगावशी अंतिम सामना. मी चढाईला गेलो, तिघांनी उचलून आपटलं, मी उजवा हात टेकवला आणि कोपरात कट्ट झालं. मी रडत मैदानाबाहेर, आणि आमचा संघ दोन गुणांनी गारद. बाबा कोर्टात कारकून होते. त्यांनी मला यवतमाळच्या डॉक्टरांकडं नेलं, एक्स-रे झाले, प्लॅस्टर झालं.

पण विश्वास कोण ठेवतो? आमचा कॅप्टन इस्माईल, टेलरचा मुलगा, साऱ्या वर्गासमोर म्हणाला, "पिलास्टर तं भिंतीलेही लावते. हारून राह्यलो होतो, तं पयून गेला हा डरपोक." खेळाचे सरही म्हणाले, "पुढच्या वर्षी तुयं नाव संघात नाही." हाड मोडलं तेव्हा दुखलं नव्हतं एवढं हे दुखलं.

आता पुरावा पाहिजे. घरी डॉक्टरांनी दिलेले दोन फोटो होते. ते काढताना मी डोळे मिटून बोंबलत होतो, त्यामुळे कोणता कशाचा हे मला काय ठाऊक? एकात सगळं धुरकट, कारण मी हललो होतो. दुसऱ्यात हाडं लख्ख, आणि त्यांची टोकं चक्क सुटी. मी अर्थातच दुसरा उचलला.

सकाळच्या प्रार्थनेनंतर मी तो सूर्यासमोर धरला आणि पेन्सिलीनं दाखवू लागलो. हा एक तुकडा, हा दुसरा, हा तिसरा. सारी शाळा माना उंचावून बघत होती.

"तीन तुकडे?" इस्माईलचं तोंड उतरलं. "अन् मी काय बोललो बे तुले. माफ कर."

त्यानं माझं दप्तर उचललं. सरांचे डोळे भरून आले. तेवढ्यावर थांबलो असतो तर? पण नाही. मी म्हणालो, "चालते सर. शाळेसाठी हात गेला तरी चालते."

हे वाक्य मला नडलं. सर विचारात पडले. "काहून रे, तीन तुकडे झाले अन् डॉक्टरनं एवढंसंच प्लॅस्टर लावलं? हा माणूस पोट्ट्याचा हात घालवून राह्यला."

दुसऱ्या दिवशी सर, बाबा, इस्माईल आणि मी, अशी वरात यवतमाळच्या बसमध्ये. मला खिडकीची जागा. सर वाटभर बाबांना सांगत होते, "अशात उशीर झाला ना, तं नागपूरले नेऊन हातच कापा लागते." बाबांनी घाम पुसला. मी तर खरंच घाबरलो. थाप मारली होती म्हणावं तर तीही नाही, माझा स्वतःचाच त्या तुकड्यांवर विश्वास होता. डाव्या हातानं लिहायला किती दिवसांत येतं, असं मी इस्माईलला हळूच विचारून घेतलं.

दवाखान्यात सरांनी डॉक्टरांना पंधरा मिनिटं झापलं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं, फोटो खिडकीसमोर धरला, मग माझा डावा हात दोनदा वाकवून सरळ केला.

"हे याचं डावं कोपर आहे," ते म्हणाले. "ठणठणीत. या वयात हाडाची टोकं जुळलेली नसतात, अशा फटी दिसतातच. मोडलेल्या कोपराशी ताडून पाहायला चांगल्याचाही फोटो काढतो आम्ही."

"म्हणजे मोडलंच नाही?" सर म्हणाले.

"मोडलंय की. उजवं. चांगलंच मोडलंय."

पण हे ऐकायला कोणी तयार नव्हतं. तिघंही माझ्याकडं बघत होते. बाबा तर हा कोणाचा मुलगा म्हणून बघत होते.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी इस्माईल बसला, त्याच्याशेजारी सर. उरलेली जागा बाबांनी घेतली.

"सर, मी कुठं बसू?"

इस्माईलनं मानही वळवली नाही. "तू तं शाळेसाठी हात द्यायले निंगाला होता. उभा राह्य ना मंग."

तर मंडळी, यवतमाळ ते नेर मी उभ्यानं आलो. खरं मोडलेलं कोपर गळ्यात अडकवलेलं, आणि तीन तुकडे झालेल्या हातानं वरचा दांडा घट्ट धरलेला.