थोरल्या जाऊबाईंचं तिखट आणि फोनचं उत्तर

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. अंगात आलेल्या बायकांच्या तोंडावर मी तांब्याभर गार पाणी मारलेलं आहे. लगेच शुद्धीवर येतात. तरी हे लिहितेय, कारण घरात कुणालाच याचा उलगडा होत नाही.

आमचं गाव तासगावजवळ. वेळ भर दुपारची, शेजारच्या बेदाण्याच्या शेडवर ट्रॅक्टरची ये-जा चाललेली. म्हणजे अंधार, सामसूम असलं काही नव्हतं.

माझ्या थोरल्या जाऊबाई गेल्या साली वारल्या. आमचे मालक फौजेतून रिटायर झालेले. त्यांची आई लहानपणीच गेली, म्हणून वहिनीच्या हातचं खाऊन वाढले. वर्षाचं कांदा-लसूण तिखट जाऊबाईच करायच्या. त्यांच्या हातची शेवटची बरणी संपली आणि ह्यांचं जेवण आटलं. अर्धी भाकरी मोडायची, ताट सारायचं. सदरा खांद्यावरून ओघळायला लागला. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, खायला घाला. मग मी काय करत होते? "तिखट वैनीचं न्हाई," एवढंच ह्यांचं बोलणं. अहो, त्याच मिरच्या, तोच मसाला, कुटायला गिरणीतला तोच डंक!

नात सांगलीला शिकते. सुट्टीला आली तेव्हा म्हणाली, "आजी, ए.आय.ला विचारू."

"इचार. पण वरवर बघू नगं म्हणावं. मिरचीच्या देठापासनं बरणीच्या तोंडाला बांधलेल्या दादऱ्यापतुर सगळं तपास."

तिने तसंच लिहिलं — सखोल अॅनालिसिस कर, एकही गोष्ट सोडू नकोस.

मग त्याने प्रश्न विचारून पिट्टा पाडला. चूल की गॅस, ऊन कसं, खोबरं कुठलं, हाताखाली कोण...

"सोयरीक जमवाय आलंय का हे?" मी म्हटलं.

"तूच सांगितलंस की सगळं तपास म्हणून!"

उत्तर लांबलचक आलं. नात मोठ्याने वाचत होती. मध्येच एक वाक्य — 'खोबरं भाजताना थोरल्या बाई चाळणीवरून भांडायला उठत असाव्यात, तेवढ्यात ते थोडं करपत असावं. चव त्या करपण्याची आहे.'

माझ्या हातातला लसूण खाली पडला. घरात एक पितळी चाळणी आहे. जाऊबाई म्हणायच्या, ती त्यांच्या माहेरची, मेढ्याची. मी म्हणायची, माझ्या. दरवर्षी तिखटाच्या दिवशीच आमची जुंपायची... दार लावून, पुरुषांना कळू नये म्हणून.

"ह्याला चाळणीचं कुणी सांगितलं?"

नातीने त्यालाच विचारलं. तर म्हणतंय, तुम्हीच सांगितलंत! आम्ही चॅट वरपासून खालपर्यंत वाचली. चाळणीचं नावसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी चूल पेटवली. खोबरं कढईत पडलं आणि नात दारातून ओरडली, "चाळणी मोठ्या आजीचीच हाय!"

"तिच्या बापानं तरी कवा चाळणी बघितली हुती का गं?" मी उलथणं घेऊनच उठले. चांगली जुंपली. खोबरं करपलं.

नवं तिखट ताटात वाढलं. ह्यांनी पहिला घास घेतला आणि थांबले.

"आवं, काय झालं?"

"आज कुणासंगं भांडलीस?" म्हणाले आणि दुसरी भाकरी मागितली.

"म्हंजे तुमास्नी ठावं हुतं?"

"आख्ख्या गल्लीला ठावं हुतं. दार लावत हुतासा, तोंड कुठं लावत हुतासा?"

असेल. पण फोन काय आमच्या गल्लीतला नाही. आणि हे फोनवर फक्त लेकाशी बोलतात. नात म्हणते, अंदाज लागला असेल. अंदाजात नेमकी चाळणी कशी येते, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आणि एवढं खोदून खोदून तपासलं, पण चाळणी कुणाच्या माहेरची, ते काही त्याला सांगता आलं नाही.

माझ्या माहेरची आहे.