ड्युटीमाफ तुरीची ओल

माणिकप्पानं जन्मात तंबाखू खाल्ली नाही. लातूरच्या डाळ मिलमध्ये बत्तीस वर्षं काढून असं सांगणारा माणूस विरळाच, पण त्याला दातांची काळजी होती. गाडी आली की पोत्यातून मूठभर तूर काढायची, एक दाणा दाढेखाली धरून कट्कन फोडायचा आणि सांगायचं: ओल किती, कीड किती, डाळ अख्खी निघेल की चुरा होईल. ऑफिसात ओल मोजायचं मशीन होतं, ते धूळ खात पडलेलं. थोरले मालक म्हणायचे, "अप्पा बोलला की संपलं." एवढ्या एका वाक्यावर माणिकप्पा खूश होता.

थोरले गेले आणि त्यांचा मुलगा शिवप्रसाद गादीवर बसला. कपाळावर विभूती, बोलणं लोण्यासारखं आणि पोटात नुसती लबाडी. त्याला धंद्याची एक गुरुकिल्ली सापडली होती. सरकारनं बाहेरच्या तुरीवरची आयात ड्युटी माफ केली होती, पण ठरावीक तारखेपर्यंतच. तारीख जवळ आली तरी मुदत वाढणार की नाही, हे दिल्लीतून कुणी सांगायचं नाही. शिवप्रसादला पक्का अंदाज असायचा की वाढणार. आजवर दरवेळी वाढलीच होती. तो अंदाज खिशात ठेवायचा आणि परदेशातल्या विकणाऱ्यांना फोनवर भीती घालायचा. एकतीस मार्चनंतर ड्युटी बसेल, मग तुमच्या मालाकडं कुणी ढुंकून बघणार नाही, आत्ताच द्या, मिळेल त्या भावात. मोठ्या कंपन्या असल्या धमक्यांना भीक घालत नव्हत्या, माल थोपवून धरायला त्यांची गोदामं बंदरावरच होती. घाबरायचे ते लहान लोक.

त्यातलाच एक, केनियाचा मुटुआ, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात लातूरला येऊन थडकला. आठ-दहा गावांची तूर गोळा करून पाठवणारा चाळिशीतला माणूस. त्याचा पहिला कंटेनर मिलमध्ये उतरला होता, दुसऱ्याचा भाव ठरायचा होता. मालाला ओल आहे असं त्याला कळवलं होतं, म्हणून बिचारा खात्री करायला एवढ्या लांबून आला.

त्याला आत आणण्याआधी शिवप्रसाद माणिकप्पाच्या कानाशी लागला. "अप्पा, ओल हाय म्हणा. कीड बी हाय म्हणा."

"माल बघितलाय मी, मालक. खडखडीत हाय."

"ते मला ठाऊक हाय. तुमच्या तोंडून आलं की संपलं."

बापाचं वाक्य पोरानं असं वापरलेलं माणिकप्पाला झोंबलं. पण नाही म्हणायची हिंमत त्याला झाली नाही, हेही खरं. तो पोत्यापाशी गेला, दाणा फोडला. कट्कन आवाज आला. ओला दाणा असा वाजत नाही, तो दबतो. माणिकप्पा जमिनीकडं बघत म्हणाला, "ओल हाय. कीड बी हाय."

शिवप्रसादनं इंग्रजीत सांगितलं. मुटुआनं वाकून त्याच पोत्यातला एक दाणा उचलला, दाढेखाली धरला आणि फोडला. हाही आपल्यासारखाच तूर पारखणारा असेल, हे माणिकप्पाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मुटुआ त्याच्याकडं बघत राहिला. चोरी पकडली की माणसं शिव्या देतात. यानं नुसती पडलेल्या भावावर सही केली आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाला.

तो गेल्यावर शिवप्रसादनं हसत हसत सांगितलं, "म्हणतो, आम्ही पोटापुरती खातो, बाकी तुमच्यासाठीच पेरतो. तुम्ही न्हाई घेतली तर न्यायची कुठं?"

हसण्यासारखं काय होतं त्यात? माणिकप्पा नळावर गेला. चार चुळा भरल्या तरी तोंडातली घाण जाईना, कारण ती तुरीची नव्हतीच.

मार्च संपायच्या आत मुदत वाढली, चांगली वर्षभरासाठी. शिवप्रसादनं पेढे वाटले. त्याच दुपारी माणिकप्पाची धाकटी बहीण सिद्धम्मा निलंग्याकडून टेम्पोत तूर घेऊन आली. भाव चढेल म्हणून दोन महिने तिनं ती घरात राखली होती. अण्णाच्या मिलला माल घालायचा म्हणून नवं लुगडं नेसून आली होती. शिवप्रसादनं भाव सांगितला तसा तिचा चेहरा उतरला.

"मावशी, ड्युटी वर्षभर माफ झाली. बाहेरची तूर ढिगानं यायलीय. आम्ही तरी काय करावं?"

माणिकप्पाच्या डोक्यात तिडीक गेली. ड्युटी बसणार म्हणून मुटुआचा भाव पाडला, ड्युटी बसणार नाही म्हणून हिचा. एकाच सरकारी कागदानं दोघांचे गळे कापले, आणि वर पेढे! बोलावलं नसताना तो पुढं झाला, टेम्पोतला दाणा फोडला आणि हमालांना ऐकू जाईल असा ओरडला, "एक नंबर माल हाय! ओल न्हाई, कीड न्हाई. त्या केनियावाल्याचा बी असाच होता. मी खोटं बोललो!"

हमाल जागच्या जागी थांबले. शिवप्रसाद मात्र पेढ्यांचा बॉक्स बंद करत शांतपणे म्हणाला, "व्हय अप्पा, चांगलाच हाय. मी कुठं खराब म्हणायलोय? पण भाव तोच."

बत्तीस वर्षांत माणिकप्पाचा शब्द पहिल्यांदाच वाया गेला होता, आणि तो खरा होता.

"अण्णा, माल चांगला म्हणतोस, मग भाव का न्हाई?" सिद्धम्मानं विचारलं.

"माझ्या खोट्याला हितं किंमत हाय, सिद्धू. खऱ्याला न्हाई. घेऊन जा परत."

"आन् न्यायची कुठं?"

सिद्धम्मानं त्याच्या तोंडाकडं बघितलं, मग हमालांकडं वळून म्हणाली, "उतरवा."