एकोडीच्या मंडईतला पाहुणा

नागपूरहून सुटलेली एसटी वाटेतल्या नदीच्या पुलावर आली, तेव्हा मी खिडकीची काच सरकवली. नदी रुंद होती, संथ होती. त्रिनिदादहून निघाल्याला तिसरा दिवस होता. कॅरिबियन समुद्रातील त्या बेटावरच्या एका विद्यापीठात मी अकरा वर्षे स्पॅनिश शिकवतो. जन्म मात्र इथला, मोहाडीचा. आईवडील गेल्यावर इकडे येण्यास निमित्त उरले नाही, आणि मी ते शोधलेही नाही.

या खेपेस मला एकोडीच्या हेमराजची क्षमा मागायची होती.

वीस वर्षांपूर्वी मी पुण्यात स्पॅनिशचे संध्याकाळचे वर्ग घेत असे. हेमराज तिथे माझा विद्यार्थी होता. त्याला दुभाषा व्हायचे होते, आणि त्याचा कान उत्तम होता. एकदा त्याने भर वर्गात गावच्या बोलीत शंका विचारली. मुले हसली. मी म्हणालो, ‘‘ही बोली चपलांसोबत दाराबाहेर ठेवून येत जा.’’ मुले पुन्हा हसली. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. मी त्याच बोलीत वाढलो, हे त्या वर्गात मी कुणालाही कळू दिले नव्हते.

ही गोष्ट मला सतत बोचत राहिली असे लिहिले, तर ते खोटे ठरेल. मी विसरलो होतो. आठवण करून दिली ती बेटावरच्या मारिसा नावाच्या विद्यार्थिनीने. तिथल्या डोंगरांत, कोकोच्या मळ्यांवर राबलेल्या कुटुंबांत, जुनी स्पॅनिश अजून म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. विद्यापीठात आम्ही माद्रिदची शिकवतो. मारिसाने वर्गात आपल्या आजीचे बोलणे फोनवर ऐकवले. मी सवयीने चुका टिपू लागलो. चौथ्या चुकीला तिने फोन बंद केला आणि शांतपणे विचारले, ‘‘सर, तुम्ही माझ्या आजीला नापास करता आहात का?’’ घरी परतताना मला हेमराजचा चेहरा दिसला.

भंडाऱ्याला उतरून पितळी भांड्यांच्या एका दुकानात त्याच्यासाठी लोटा पाहिला. मग वाटले, भेट दिली की क्षमा मागणे सोपे होईल, आणि ते सोपे होऊ नये. रिकाम्या हातांनी साकोलीची बस धरली. तिथून पुढे ऑटो. दोन्ही बाजूंच्या बांध्यांत (बांध घातलेल्या धानाच्या शेतांत) कापलेले धान वाळत पडले होते.

‘‘मंडईले चालले का जी?’’ ऑटोवाल्याने विचारले.

‘‘मंडई आज आहे?’’

‘‘पाहुणे तुमी, अन् तुमालेच माहीत नाही?’’

दिवाळीनंतर इकडे गावोगावी मंडई (एका दिवसाची जत्रा) भरते आणि घरोघरी पाहुणे उतरतात. तेही मी विसरलो होतो.

हेमराजच्या अंगणात मी नाव सांगण्याआधीच त्याच्या पत्नीने, सुनंदाबाईंनी, पाणी पुढे केले. ‘‘पाय धुवा जी. लाखनीवाले ना?’’

‘‘नाही, मी...’’

‘‘मंग साकोलीवाले असान. बसा, वडे गरम आहेत.’’

मंडईच्या दिवशी दारी आलेला कोण, कुठला, हे कळेपर्यंत जेवण थांबवत नाहीत. लाखोरीच्या डाळीचे वडे, मटणाचा रस्सा, नव्या तांदळाचा भात. शेजारच्या पाटावरचे एक आजोबा मला न्याहाळत होते. ‘‘पोरगा काय करते तुमचा?’’ त्यांनी विचारले, तेव्हा उलगडा झाला. मी घरच्या मुलीसाठी स्थळ घेऊन आलो आहे, असा समज होता.

‘‘मला मुलगा नाही.’’

‘‘मंग पुतण्या असन,’’ आजोबा म्हणाले आणि मला आणखी भात वाढायला लावला.

ज्याची क्षमा मागायची, त्याचेच अन्न मी नाव न सांगता खात होतो. तेवढ्यात हेमराज बाहेरून आला. कानशिलांवर पांढरे केस. त्याने मला पाहिले आणि ओळखले.

‘‘सुनंदा, हे पुण्याचे सर.’’

तिची पळी थांबली. तिला सारे ठाऊक होते तर. तरीही एक वडा तिने माझ्या ताटात ठेवला. ‘‘जेवून घ्या,’’ एवढेच म्हणाली.

हात धुऊन मी अंगणात क्षमा मागितली. वाटेत जुळवलेली वाक्ये आठवली नाहीत. हेमराज सुपारी कातरत राहिला.

‘‘मले राग नाही आता, सर. धान चांगलं पिकते. पण तुमी बोलले ते मी घरी घेऊन आलो ना. माह्या तृप्तीले लहानपणापासून सांगून राहिलो, बाहेर तोंड उघडशीन तं पुस्तकासारखं बोल. आता भंडाऱ्याले कॉलेजात आहे. वर्गात बोलतच नाही पोरगी. चुकन म्हणून भेते.’’ त्याने घराच्या दाराकडे मान वळवली. ‘‘माफी तिले मागा.’’

आत आईशी खिदळत असलेली तृप्ती बाहेर आली आणि मला पाहताच बदलली. ‘‘आपण चहा घेणार का?’’ एकेक शब्द इस्त्री केलेला.

मी तिला मारिसाच्या आजीचे सांगितले, माझे चुका टिपणे सांगितले, तिच्या वडिलांचा वर्ग सांगितला. शेवटी म्हणालो, ‘‘मी मोहाडीचा आहे.’’

हेमराजने अडकित्ता खाली ठेवला. ‘‘मोहाडीचे?’’ तो हळूच म्हणाला. ‘‘अन् तरी तुमी...’’

‘‘मग आपल्या बोलीत सांगा,’’ तृप्ती म्हणाली.

मी सुरुवात केली आणि अडलो. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी जसा प्रत्येक शब्दाआधी थांबतो, तसा. तृप्तीने तोंडावर हात धरला. ‘‘बाबा, सर तं अडकून राहिले.’’

परक्यासमोर ती अशी बोललेली ऐकून हेमराज तिच्याकडे पाहतच राहिला. ‘‘मंग शिकव त्याइले,’’ तो म्हणाला.

त्या मुलीने मला तीनदा दुरुस्त केले. चौथ्यांदा माझी माफी पुरी झाली.

क्षमा मिळाली का, हे मी सांगू शकत नाही. निघताना हेमराजने फक्त बसची वेळ सांगितली. तृप्ती वर्गात बोलेल की नाही, तेही माझ्या हाती नाही. एका वाक्याने बंद झालेले तोंड एका दुपारीत उघडावे, ही अपेक्षा करण्याचा अधिकार मला नाही. साकोलीच्या स्थानकावर बस भरलेली होती.

‘‘कुठं जाता जी?’’ कंडक्टरने विचारले.

‘‘भंडाऱ्याले,’’ मी म्हणालो.

त्याने मान वर न करता तिकीट दिले.