आईच्या आमसुलांचं ऊन

विजेचं बिल दर महिन्याला वाढायला लागलं, तेव्हा मी मालगुंडच्या आमच्या घरावर सोलर बसवायचं ठरवलं. शेजारचे काका हसले, "चार महिने पाऊस, कसली वीज होतेय!" माझं डोकंच फिरलं.

सकाळी आलेल्या मेकॅनिकने गच्चीचा पश्चिमेकडचा कोपरा निवडला. आई म्हणाली, "तिथे तीननंतर फणसाची सावली येते. माझी आमसुलं तिथे कधी धड वाळली नाहीत."

"आई, त्याला त्याचं काम करू दे!" मी खेकसलो.

तिने मेकॅनिकला जेवायला थांबवून घेतलं. तीन वाजता सावली बरोब्बर त्या कोपऱ्यावर येऊन बसली. 

मग तिनेच जागा दाखवली. गच्चीवरचं सगळ्यात चांगलं ऊन, इतकी वर्षं तिच्या आमसुलांचं. ते तिने सोलरला दिलं आणि आमसुलं काकांच्या गच्चीवर नेली.

यंदा आमचं उतरलेलं बिल बघून काकांनीही सोलर घ्यायचं ठरवलं. मेकॅनिकला फोन करायच्या आधी ते आईला जागा विचारायला आले. आई पदर खोचून त्यांच्या गच्चीवर गेली आणि तिथल्या सगळ्यात चांगल्या उन्हातली आपली आमसुलं उचलायला लागली.