पेट्याच्या तिसऱ्या

बा नारळावरून पडला तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची असेन. किहीमच्या वाड्यांमधून नारळ पाडायचं त्याचं काम. त्या सकाळी दवाने झाड ओलं होतं, पाय निसटला आणि तो कमरेवर आपटला. अलिबागहून वैद्य आणले. त्यांनी बाच्या तळव्याला बाभळीचा काटा टोचून पाहिला. बा आढ्याकडे बघत विचारत होता, "टोचलात का?" वैद्य आईला अंगणात घेऊन गेले, काहीतरी बोलले आणि परत घरात न येताच निघून गेले.

घरात आम्ही चौघं. बा, आई, मी आणि माझ्याहून बरीच लहान बहीण. आईने समुद्राकडच्या एका बंगल्यावर काम धरलं. बंगला मुंबईच्या शेठांचा. पाहुणे आले की कोंबड्या कापल्या जायच्या, त्यांची पिसं काढून साफ करायचं काम आईचं. चांगलं मांस आचारी उचलून न्यायचा. माना, पाय, पेटा, आतडी हे सगळं वाडीत खड्डा करून पुरायचं, अशी तिथली रीत होती. पहिल्याच दिवशी आई आचाऱ्याला म्हणाली, "पुरू नका, मी नेते." तो हसला आणि "ने की," म्हणाला.

सुपारीच्या विरीत, म्हणजे झावळीच्या रुंद देठात, गुंडाळून ती ते घरी आणायची. पाय निखाऱ्यावर धरून त्यांची पिवळी साल ओढून काढायची, नखं तोडायची आणि आलं ठेचून घालून ते मंद आचेवर दुपारभर उकळत ठेवायची. पेटा म्हणजे कोंबडीची दाणे दळायची ती कडक गाठ. ती मधोमध चिरली की आतून वाळू, खडे, कधी अख्खं भात निघायचं. आतला चामट पापुद्रा सोलायला मी शिकले. आतडी काडीवर उलटी करून राखेने आणि मिठाने चोळायची. काळजाला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी मात्र आई मला शिवू द्यायची नाही. ती फुटली तर सगळंच कडू. एखाद्या कोंबडीच्या पोटात न घातलेल्या अंड्यांचे पिवळेधमक मणी सापडायचे, ते धाकटीचे. चरबी कढवून आई बाच्या पाठीला लावायची. पडून राहून पाठीला जखमा झाल्या होत्या आणि त्या भरत नव्हत्या.

पहिल्यांदा आईने मानेच्या हाडांचा रस्सा बापुढे ठेवला, तेव्हा त्याने विचारलं, "कुठनं आणलंस?"

"बंगल्यावरनं."

"त्यांनी टाकलेलं?"

बाने थाळी हाताने सरकवली. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो हळूच म्हणाला, "माझ्या जित्तेपणी माझ्या पोरी टाकलेलं खातात."

त्या दिवशी तो नुसत्या पेजेवर राहिला. दुसऱ्या दिवशीही. मग आईने युक्ती काढली. पेटा शिजवून त्याचे नखाएवढे पातळ काप केले, ओल्या खोबऱ्याचं वाटण लावलं, चार आमसुलं टाकली, आणि थाळी पुढे ठेवताना म्हणाली, "तिसऱ्या हायत. शेजारणीने दिल्या." तिसऱ्या म्हणजे खाडीतले शिंपले, पेटाही दाताखाली तसाच चिवट लागतो. बाने भाकरी मोडली आणि सगळं खाल्लं. आई चुलीकडे तोंड करून बसली होती. तिचे खांदे हलत होते.

मग बंगल्यावर पाहुणे आले की आमच्याकडे तिसऱ्या व्हायच्या. आतडी बारीक चिरून, कांद्यावर परतून आई त्यालाच सुका जवळा म्हणायची. मलाही तसंच म्हणायची सवय लागली.

पावसाळा सरत आला होता. बाला आता उठून बसवत नव्हतं, म्हणून एका दुपारी मी त्याला भरवत होते. त्याने तोंडातला घास संपवला आणि विचारलं, "आज तिथ कोणती?"

"अष्टमी," मी म्हणाले.

"अष्टमीला भांगाचं पाणी, पुरतं उतरत न्हाय. ओहोटीला खाडी उघडीच पडत न्हाय. तिसऱ्या गावतील कशा?"

माझा हात थाळीवरच राहिला. बाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "पहिल्या दिवसापासनं ठावं हाय मला," तो म्हणाला. "तुझ्या आयेला सांगू नको. एवढी मेहनत करते ती."

मी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून तो अर्धी भाकरी खाऊन पोट भरलं म्हणायला लागला, मग चतकोर खाऊन. उरलेलं धाकटीला दे म्हणायचा. आई त्याच्या उशाशी बसून विनवायची.

"काळीज तरी खा. रगत येईल अंगात."

"रगत घेऊन मी करू काय? झाडावर चढू?"

"माझ्यासाठी खा."

"तुझ्यासाठीच न्हाय खात."

आईने काळजाचा तुकडा त्याच्या ओठांशी धरला. त्याने तोंड मिटून घेतलं. ती तशीच हात धरून बसली, तुकडा गार झाला तरी. शेवटी तिने तो धाकटीच्या तोंडात घातला, आणि धाकटी खूश होऊन आणखी मागायला लागली.

भाताची कापणी सुरू असताना बा गेला. माणसं कमी होती, सगळी शेतात. तरी नेताना कुणी कुरकुरलं नाही, इतका तो हलका झाला होता.

पुढच्या उन्हाळ्यात गावच्या कोंबड्यांना मर लागली. माना वाकड्या करून त्या अंगणात गोल फिरायच्या आणि पडायच्या. पडलेल्या पुष्कळ होत्या, पण आईने त्यातली एकही घरात येऊ दिली नाही. बंगल्यावर पाहुण्यांचं येणं आधीच कमी झालं होतं. शेठांचा धंदा बसला म्हणे. बंगल्याला कुलूप लागलं आणि आई आम्हाला घेऊन उरणला, तिच्या भावाकडे आली. मिठागरावर काम मिळालं. खारट पाण्याने तिच्या पायांना भेगा पडल्या, त्यांत मीठ गेलं की ती दात आवळून उभी राहायची.

धाकटी तिथल्या पहिल्याच पावसात तापाने गेली. तिला मातीत ठेवून आल्यावर आई चुलीपुढे बसली. बराच वेळ तिने लाकूड पुढे सारलं नाही. मग म्हणाली, "आता कुणासाठी रांधू?"

मी तिच्या समोरच उभी होते.