पाया पडायचं राहिलं

हिवाळ्यात वाऱ्याबरोबर साखर कारखान्याच्या मळीचा गोड-आंबूस वास आला, की मला पाटसला सासरी झालेली माझी पहिली संक्रांत आठवते. अंगणभर कोवळं ऊन होतं आणि सासरे बाजेवर पाय खाली सोडून, डोळे मिटून बसले होते. त्यांना शुगर होती, म्हणून तिळगूळ नाही, नुसताच नमस्कार. मी वाकून दोन्ही पावलांना हात लावले. रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर चालले होते, त्यांच्या आवाजात माझ्या बांगड्या बुडाल्या. एरवी तोंडभरून आशीर्वाद देणारा हा माणूस काहीच बोलला नाही. मी पुन्हा हात लावले, जरा दाबूनच. तरी गप्प. माझं काहीतरी चुकलं असं वाटून डोळे भरून आले. तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले, मला समोर उभी पाहून मायेनं म्हणाले, "सूनबाई, सणाचं पाया न्हाई व्हय पडायचं?" "दोनदा पडले की, आप्पा." ते हसले, आणि हसू ओठांवर तसंच ठेवून आपल्या पावलांकडं बघत बसले, जणू ते दुसऱ्याच कुणाचे पाय होते. "कवाधरनं कापसावर चालल्यागत वाटतंय," ते हळूच म्हणाले, "मला वाटलं, म्हातारपण असंल." साखरेनं पायाच्या नसा बधिर झाल्यात, हे दौंडच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं. आता शुगर मलाही आहे. संक्रांतीला सून पाया पडायला वाकते, तेव्हा मी डोळे मिटते आणि तिच्या बोटांची वाट बघते.